फ्लॅट क्रमांक ०१० चा रहिवासी

सोसायटीच्या संगणकावर फ्लॅट क्रमांक ०१० टंकित केला की पडद्यावर मार्सेल तुस्कानो हे नाव येत असे. मार्सेल तुस्कानो ०१२ मध्ये राहतात. ०१२ टंकित केला की 'असा फ्लॅट नाही' असे उत्तर मिळे. ०१० मध्ये मी राहतो.

आमची इमारत सांडोरला जाणाऱ्या रस्त्यावर, एकेकाळी केळीची वाडी होती त्या जागी उभी आहे. बिल्डरने वरच्या मजल्यांना एकशे एक, दोनशे एक असे क्रमांक दिले. तळमजल्याला मजल्याचा आकडा नसतो. म्हणून आम्हा बारा कुटुंबांना त्याने ००१ ते ०१२ असे क्रमांक दिले. ही शून्ये आमच्या दारांवरच्या पितळी पाट्यांवर आहेत, शेअर सर्टिफिकेटवर आहेत आणि विजेच्या बिलावरही आहेत. वरच्या मजल्यांवरील लोक बोलताना ती गाळतात आणि 'दहा नंबरवाले' म्हणतात. मी प्रत्येक वेळी दुरुस्ती करतो. माणसाला वरचा मजला परवडला नाही म्हणून त्याचा आकडाही कोणी कापू नये, असे माझे मत आहे.

हे २००२ सालच्या उन्हाळ्यातले आहे. विहिरींचे पाणी मचूळ झाले होते आणि सारी इमारत टँकरवर जगत होती. टँकर आला की रखवालदार बळीराम आवारातल्या नळाशी उभा राहून एकेका फ्लॅटला हाक मारी. ज्याला हाक मारली त्याने आपली पिंपे आणि कळश्या घेऊन यायचे, अशी पद्धत होती. हाक मारण्याचा क्रम बळीरामच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असे, आणि त्याची स्मरणशक्ती दिवाळीच्या पोस्तावर अवलंबून असते, असा वरच्या मजल्यांचा आरोप होता.

माझी मुलगी संपदा त्या वेळी वसई स्टेशनजवळच्या एका संस्थेत जावा ही संगणकाची भाषा शिकत होती. तिने प्रवेश घेतला तेव्हा आमच्या भागातली निम्मी मुले अमेरिकेला निघाली होती. अभ्यासक्रम संपत आला तेव्हा ती परत येऊ लागली होती. उरलेल्यांपैकी काहींनी मोबाइलची कव्हरे विकण्याची दुकाने टाकली होती. अशा हवेत संपदाला अंधेरीच्या एका कंपनीचे मुलाखतीचे बोलावणे आले, आणि त्यात अट होती ती प्रमाणपत्राची. प्रमाणपत्रासाठी संस्थेची अट अशी की विद्यार्थ्याने कुठल्यातरी खऱ्या ग्राहकासाठी प्रोग्रॅम लिहावा आणि तो नीट चालतो असे त्या ग्राहकाने सही करून कळवावे. सोसायटीचे सेक्रेटरी शत्रुघ्न राऊत ग्राहक व्हायला तयार झाले. पाण्याच्या पाळ्या संगणकाने सांगाव्यात, असे त्यांनी सुचवले. रविवारच्या सभेपर्यंत प्रोग्रॅम चालला तर सही मिळणार होती आणि सोमवारी मुलाखत होती.

प्रोग्रॅम साधा होता. पाळी आलेल्या फ्लॅटचा क्रमांक टंकित केला की रहिवाशाचे नाव पडद्यावर यावे आणि बळीरामने ते मोठ्याने वाचावे, एवढेच. घरी संगणक नसल्याने संपदा प्रोग्रॅम आधी कागदावर लिही आणि मग संस्थेत जाऊन टंकित करी. तो कागद मी तपासून दिला. मला जावा येत नाही. परंतु सातिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात, तो बंद पडेपर्यंत, मी प्रयोगशाळेत रसायनज्ञ होतो आणि लिहिलेले तपासणे हा माझा व्यवसाय होता. तळमजल्याचे क्रमांक तिने १, २, ३ असे उघडे लिहिले होते. मी लाल शाईने प्रत्येकापुढे त्याची शून्ये घातली.

"बाबा, त्याने काही फरक पडत नाही," संपदा म्हणाली.

मी तिला सांगितले की फरक पडत नसेल तर लिहायला हरकत नसावी. प्रयोगशाळेत २.५ ग्रॅम आणि २.५० ग्रॅम या दोन वेगळ्या गोष्टी असतात. दुसऱ्या आकड्यातले शून्य मोजणाऱ्याची सचोटी सांगते. तिने ऐकून घेतले. माझी मुलगी वाद घालत नाही. ती थकते.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेतून एक विचित्र निरोप घेऊन आली. यंत्र सगळे आकडे स्वीकारत होते, फक्त ००८ आणि ००९ नाकारत होते. नाकारण्याचे कारण त्याने इंग्रजीत दिले होते. त्याचा अर्थ, हे पूर्णांक फार मोठे आहेत. त्याच प्रोग्रॅममध्ये चारशे चार हा पूर्णांक मुकाट्याने बसला होता, आणि आठ मात्र यंत्राला मोठा वाटत होता. संस्थेच्या हर्षवर्धन सरांनी यावर उपाय म्हणून त्या दोघांची शून्ये काढून टाकायला सांगितले. जावामध्ये असे कधीकधी होते, असे ते म्हणाले. एका काटेकोर शास्त्राच्या अध्यापकाच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला पाऊसपाण्याचा अंदाज आठवला. मी संस्थेत फोन करून कारण विचारले. पुढची बॅच बाहेर उभी आहे, हे कारण मिळाले. तात्पर्य, बारा आकड्यांच्या रांगेत आठ आणि नऊ तेवढे उघडेबोडके राहिले. ते मला खटकत होते, पण खटकणे हा पुरावा नव्हे.

चाचणीच्या दिवशी सोसायटीच्या कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग पडला. संगणकाच्या खोलीत चपला घालून जायचे नाही, एवढे संगणकशास्त्र तोपर्यंत सर्वांना माहीत होते. राऊतांनी यंत्रावरचे फुलाफुलांचे आच्छादन दूर केले. ते त्यांच्या पत्नीने शिवले होते आणि त्याला झालरही होती. ००१ पासून ९ पर्यंत सारे सुरळीत झाले. नंतर बळीरामने ०१० टंकित केले आणि खिडकीतून हाक मारली ती मार्सेल तुस्कानोंना.

मार्सेल पिंपे घेऊन आले. त्यांना वाटले, यंत्र आहे, लवकर बोलावत असेल. ०११ चे मालक मस्कतला असतात. त्यांचा फ्लॅट अस्तित्वात नसल्याचे यंत्राने जाहीर केले, तेव्हा कोणालाच वाईट वाटले नाही. ०१२ ही अस्तित्वात नव्हता; पण तिथल्या रहिवाशाची पिंपे भरून झाली होती. पुढे १०१ पासून वरचे सारे मजले अचूक निघाले. इमारतभर टाळ्या वाजल्या. तक्रार करणारा मी एकटा होतो.

राऊतांनी माझ्याकडे काहीशा करुणेने पाहिले. "केळुस्कर, कॉम्प्युटरमध्ये तुम्ही नाही."

"मी इथे उभा आहे."

"ते दिसतंय हो. पण रेकॉर्डला काय दाखवू?"

मी घरातून शेअर सर्टिफिकेट आणले. राऊतांनी ते उजेडात धरून पाहिले आणि परत दिले. "हे कॉम्प्युटरच्या आधीचं आहे," ते म्हणाले. मी विजेचे बिल दाखवले. त्यावरून त्या फ्लॅटमध्ये वीज जळते एवढेच सिद्ध होते, कोण जाळते हे सिद्ध होत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तर्कशास्त्राच्या दृष्टीने तो निर्दोष होता, म्हणून मला अधिकच लागला. कारखाना बंद झाला त्या सकाळी गेटवरच्या रखवालदारानेही मला आत सोडले नव्हते. लिस्टमध्ये नाव नाही, साहेब, असे तो म्हणाला होता. तेव्हाही मी त्याच्या समोर उभा होतो.

संध्याकाळी मार्सेल दोन कळश्या घेऊन दारात आले. गिरीजला त्यांची वडिलोपार्जित वाडी होती. भावांच्या वाटणीत तिचा तुकडा विकून ते या इमारतीत आले होते, आणि केळीचा घड घेतल्याशिवाय कोणाच्या दारात जायचे नाही अशी त्यांची रीत होती. त्या दिवशी घडाऐवजी पाणी होते.

"घ्या साहेब, तुमचंच आहे म्हणतात," ते म्हणाले. "बापाची वाडी गेली तेव्हा मला एक फ्लॅट मिळाला. या कॉम्प्युटरने बसल्या जागी दुसरा दिला."

मी त्यांचे आभार मानले. आपलेच पाणी शेजाऱ्याकडून दान म्हणून घेताना कोणता चेहरा करावा, याचे शिक्षण मला मिळालेले नाही.

यानंतर सल्ले सुरू झाले. राऊतांच्या परिचयाचे एक वास्तुतज्ज्ञ होते. माझ्या मोरीचे तोंड चुकीच्या दिशेला असल्यामुळे फ्लॅटची ओळख पुसट झाली आहे, असे त्यांनी फोनवरूनच निदान केले. ०१२ ची मोरी त्याच दिशेला आहे, हे मी निदर्शनास आणले. तो फ्लॅटही यंत्राला सापडत नाही ना, असे उत्तर आले. मार्सेलच्या मते फादरना बोलावून यंत्रावर पवित्र पाणी शिंपडावे. त्यांच्या टेम्पोवर शिंपडल्यापासून तो एकदाच उलटला होता. पाण्याची टंचाई असताना ते विद्युत उपकरणावर ओतण्यास मी विरोध केला. तिसऱ्या मजल्यावरून व्हायरसचे निदान आले आणि त्यावर कडुलिंबाचा पाला सुचवण्यात आला. हा सल्ला थट्टेने दिला की मनापासून, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

माझी पत्नी जयवंती हिचा सल्ला सर्वांत व्यवहार्य होता. "अहो, तिची सही होऊ दे. चार दिवस तुस्कानोंच्या नावाने पाणी भरा."

"आणि मी कोण?"

"ते मुलाखत झाल्यावर बघू."

दरम्यान यंत्राचे वजन वाढत होते. गॅसचे सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने ०१० कुठे म्हणून विचारले. बळीरामने संगणकाला विचारले आणि सिलिंडर तुस्कानोंकडे गेले. माझ्या दारावर पाटी आहे, ती पितळेची आहे आणि मी ती दर रविवारी चिंचेने घासतो, हे मी बळीरामला सांगितले. त्याने मान डोलावली. "पाटी तर हाय साहेब. पन कॉम्प्युटर नाय बोलतो." पत्नीने त्या दिवशी स्टोव्हवर स्वयंपाक केला आणि प्रत्येक भांडे जरा जोरात ठेवले. तिच्या बोलण्यापेक्षा तिची भांडी अधिक दूरपर्यंत ऐकू येतात.

संपदाने प्रोग्रॅमची छापील प्रत आणली. पट्ट्यापट्ट्यांच्या त्या लांब कागदाची घडी मी जेवणाच्या टेबलावर उलगडली आणि परीक्षणपद्धती वाचावी तशी एकेक ओळ वाचली. भाषा अनोळखी असली तरी युक्तिवाद सरळ होता. फ्लॅट ००१ असेल तर हे नाव, नसेल तर पुढे जा. ००२ असेल तर ते नाव, नसेल तर पुढे जा. दहाव्या ओळीवर लिहिले होते की फ्लॅट ०१० असेल तर नाव प्रल्हाद केळुस्कर. मी ते पुन्हा वाचले. माझे नाव तिथे होते, अक्षरही चुकलेले नव्हते. फक्त तिथपर्यंत कोणी पोहोचत नव्हते. हे वाचून मला जे वाटले ते प्रोग्रॅमच्या मर्यादेबाहेरचे आहे, म्हणून येथे नोंदवत नाही.

"सर म्हणाले, तुझं लॉजिकच कच्चं आहे," संपदा म्हणाली. ती कागदाकडे बघत नव्हती. "मुलाखतीला जाऊन तरी काय करू, बाबा? बारा नावं सांगता येत नाहीत मला."

तिचे तर्कशास्त्र कच्चे नव्हते. मी ते ओळीओळीने तपासले होते. पण वडिलांच्या प्रशस्तिपत्राला नोकरीच्या बाजारात किंमत नसते, आणि ज्या वडिलांचे स्वतःचे अस्तित्व वादग्रस्त आहे त्यांच्या प्रशस्तिपत्राला तर मुळीच नसते.

हर्षवर्धन सरांनी आणखी एक तोडगा काढला. वडिलांची ओळ सापडत नसेल तर ती सर्वांत वर आणून ठेव, म्हणजे यंत्राला ती प्रथम दिसेल. कारण न शोधता जागा बदलणे हा उपाय आमच्या कारखान्यातही लोकप्रिय होता, आणि कारखान्याचे काय झाले ते मी सांगितले आहे. तरीही शुक्रवारी संपदाने माझी ओळ माथ्यावर नेली. टँकर आला. ००१ पासून ७ पर्यंत व्यवस्थित झाले. बळीरामने आठ टंकित केले आणि साऱ्या आवाराला ऐकू जाईल अशी हाक मारली, ती माझ्या नावाची.

तळमजल्यावरच्या आठव्या फ्लॅटमध्ये विनिता टीचर एकट्या राहतात. त्या शाळेत भूगोल शिकवतात आणि आमच्या वसाहतीत त्यांच्याविषयी आजवर कोणी ब्रही काढलेला नव्हता. आता सोसायटीच्या अधिकृत यंत्राने मला इमारतीत जागा दिली होती खरी, पण ती त्यांच्या घरी दिली होती. गॅलऱ्यांमध्ये माणसे दिसू लागली. पाण्यासाठी इतकी माणसे कधी जमली नव्हती.

विनिता टीचर कळशी घेऊन बाहेर आल्या. "केळुस्कर, पाणी तुम्ही भरता की मी भरू?" त्यांनी शांतपणे विचारले. मग गॅलऱ्यांकडे मान वर करून म्हणाल्या, "माणूस सुटसुटीत आहे हो. पण याची शून्ये कोण सांभाळणार?"

हशा बराच वेळ चालला. माझी पत्नीही हसली. लग्नानंतर तिला इतके हसताना मी प्रथमच पाहिले आणि त्याचे श्रेय मला घ्यावेसे वाटले नाही. राऊत मात्र हसले नाहीत. सोसायटीच्या अब्रूचा प्रश्न आहे, असे त्यांनी संपदाला बाजूला घेऊन सांगितले. आता नुसता प्रोग्रॅम चालून भागणार नव्हते. हे कशामुळे झाले ते लेखी हवे होते, नाहीतर सही नाही. सभेत कोणी विचारले तर मी काय सांगू, असा त्यांचा सवाल होता. "पोरीचं चुकलं म्हणून सांगू का?"

संपदाने छापील कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

अपमानाचा एक उपयोग मला त्या दुपारी कळला. त्यातून माहिती मिळते. दहा टंकित केल्यावर बाराचा माणूस येत होता. आठ टंकित केल्यावर दहाचा माणूस आला. दोन्ही वेळा दोनचेच अंतर होते. प्रयोगशाळेत एखाद्याची वजने कधी जास्त, कधी कमी आली तर दोष त्याच्या हातात असतो. ती नेहमी सारख्याच मापाने चुकली तर हात निर्दोष असतो आणि तराजू तपासावा लागतो. तराजू तपासण्याची रीत शाळकरी आहे. ज्यांचे वजन ठाऊक आहे असे तुकडे एकेक करून पारड्यात ठेवायचे आणि तराजू काय म्हणतो ते बघायचे.

शनिवारी मी संपदाबरोबर संस्थेत गेलो. चपला काढल्या. आत वातानुकूलित खोलीत स्वेटर घातलेली मुले बसली होती. मी तिला म्हणालो की सगळी नावे काढून टाक, अटीही काढून टाक. प्रोग्रॅममध्ये फक्त आपला आकडा लिही आणि यंत्राला तोच परत म्हणून दाखवायला सांग.

"तो तोच म्हणेल ना, बाबा."

"मग आपल्याला कळेल की तराजू बरोबर आहे."

००१ ला यंत्र एक म्हणाले. ००७ पर्यंत ते माझ्याशी सहमत होते. ०१० ला ते आठ म्हणाले.

संपदाचे हात कळफलकावर थांबले. तिने ०११ लिहिले; नऊ आले. ०१२ लिहिले, दहा आले. मग ती माझ्याकडे न बघता शून्य काढून नुसते १० लिहायला वळली. पडद्यावर दहा उमटले.

हर्षवर्धन सर मागून वाकून पाहत होते. "अरे हो," ते म्हणाले, आणि बसमध्ये राहिलेली छत्री आठवावी त्या सुरात पुढे म्हणाले, "हे थिअरीत आहे. परीक्षेला येत नाही."

शून्ये काढायला फार वेळ लागला नाही. प्रोग्रॅम बरोबर चालला. मी ०१० मध्ये परतलो, मार्सेल तुस्कानो आपल्या एकुलत्या फ्लॅटमध्ये गेले आणि विनिता टीचर पुन्हा एकट्या राहू लागल्या. राहता राहिला राऊतांचा कागद. संपदाने त्यावर 'काही तांत्रिक अडचणीमुळे' एवढे लिहिले होते. मी विचारले, अडचण कोणाची? ती म्हणाली, "राहू दे ना बाबा. सगळे अजून हसतायत तुम्हाला." मी ते वाक्य खोडले. तांत्रिक अडचण म्हणजे मुलीचे चुकले, असेच सभा समजली असती.

रविवारी सभेत राऊतांनी तो कागद उभे राहून मोठ्याने वाचला. मागच्या रांगेत कोणीतरी खोकल्यासारखे हसले. मग राऊतांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद संपदाच्या हातात दिला. मजकूर माझ्या हस्ताक्षरात होता, तो असा:

'जावा भाषेत प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या पूर्णांकापुढे शून्य असल्यास यंत्र तो आकडा दहांच्या नव्हे तर आठांच्या गटांनी मोजते. त्या मोजणीत आठ आणि नऊ हे अंक नाहीत, म्हणून ००८ व ००९ नाकारले गेले. त्या मोजणीत ०१० म्हणजे आठ आणि ०१२ म्हणजे दहा. बळीराम बाहेरून टंकित करी तो ०१० मात्र यंत्र दहाच समजत असे. त्यामुळे त्याला ०१२ ची ओळ सापडे. संपदा केळुस्कर हिने मूळ कागदावर आकडे शून्याविना लिहिले होते व ते बरोबर होते. शून्ये तिच्या वडिलांनी घातली.'